तापातून उठल्यावर पळायचं कधी, आणि वजनाचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, उंची १७० सेंटीमीटर, वजन ९३ किलो. राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीत, तीही दिवसभर बसून. दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा उपवनला पळता. ऑगस्टमध्ये फ्लू झाला, पाच दिवस १०२ ते १०३ ताप होता, खोकला अजून थोडा आहे. ताप उतरून चार दिवस झाले तसे तुम्ही पळून आलात. तीन किलोमीटर झाले, बरंही वाटलं, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवेना. आज सोळावा दिवस आहे आणि जिना चढताना छातीत धडधडतं. पळणारे मित्र म्हणतात घाम काढ, आई म्हणते महिनाभर हलू नकोस, आणि कुणीतरी सांगितलंय की हे सगळं वजनामुळे आहे, आधी दहा किलो उतरव. जानेवारीत मुंबईला हाफ मॅरेथॉन आहे, पैसे भरून झालेत.

मी ठाण्यात बावीस वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते. पावसाळ्यात असा प्रश्न घेऊन येणारे रोज एक-दोन जण असतातच, त्यामुळे उत्तर सविस्तर देते. पण आधी तुमचं एक वाक्य बाजूला काढते.

जिना चढताना धडधडतं, हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मला सगळ्यात आधी तेच दिसलं. बहुतेक वेळा त्यामागचं कारण साधं असतं. आठवडाभर पडून राहिल्यावर रक्तातलं पाणी थोडं कमी होतं, पायांचे स्नायू ढिले पडतात, आणि एरवी ज्या कामाला नाडी शंभरवर जायची तिथे ती एकशे तीसवर जाते. पण क्वचित विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. तिला मायोकार्डायटिस म्हणतात. ती आहे की नाही हे लिहिलेल्या चार ओळींवरून कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. म्हणून या आठवड्यात ईसीजी काढून घ्या, नाडी, बीपी आणि ऑक्सिजन तपासून घ्या, सोबत हिमोग्लोबिन आणि साखर. डॉक्टरांना शंका आली तर ते ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतील. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, आडवं झाल्यावर दम लागणं, पायांवर सूज, नाडी मध्येच चुकणं, यातलं एकही असेल तर आजच जा. मायोकार्डायटिस निघालाच तर तीन ते सहा महिने पळणं पूर्ण बंद ठेवावं लागतं आणि पुन्हा सुरुवात हृदयरोगतज्ज्ञांच्या तपासणीनंतरच होते. इथून पुढचं सगळं मी तुमचा ईसीजी ठीक आहे असं धरून लिहिते आहे.

तुम्ही विचारलंय की वजनामुळे बरं व्हायला उशीर होतोय का. त्याचं उत्तर देणारच आहे. पण तुमची अडचण मला वेगळ्या जागी दिसते. शरीर तयार झालंय हे ओळखायचं कशावरून? तुम्ही ते पळताना कसं वाटतंय यावरून ठरवलंत. नवव्या दिवशी पाय उचलले जात होते, छाती साथ देत होती, म्हणजे झालो बरे. आजारानंतरचं शरीर त्या वेळी होकार देतं आणि हिशोब दुसऱ्या दिवशी मांडतं. मी गेल्या काही वर्षांत पेशंटना सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट हीच असेल: व्यायाम झेपला का, हे त्याच दिवशी विचारू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा.

आता मित्रांच्या सल्ल्याकडे येते. घाम आला की ताप उतरतो, हे आपण सगळ्यांनी घरी पाहिलेलं आहे. त्यावरून घाम काढला की ताप जाईल असं वाटणं स्वाभाविक आहे, पण क्रम उलटा आहे. मेंदूतलं तापमानाचं केंद्र तापात वरच्या आकड्यावर लावलेलं असतं. ते पुन्हा खाली आलं की शरीर साठलेली उष्णता बाहेर टाकायला लागतं, आणि तो घाम आपल्याला दिसतो. म्हणजे ताप उतरायला लागलाय म्हणून घाम येतो. बाहेरून पळून काढलेल्या घामाचा विषाणूशी काही संबंध नाही. उलट ताप दर एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. तुम्ही १०२-१०३ मध्ये, म्हणजे एरवीपेक्षा सुमारे दोन ते अडीच अंश सेल्सिअस जास्त तापात, नुसते पडून होतात तेव्हाही शरीर पाव हिश्श्याने जास्त राबत होतं. १९७० साली उंदरांवर केलेला एक प्रयोग आम्हाला शिकवला जातो. कॉक्सॅकी नावाच्या विषाणूची लागण झालेल्या उंदरांना पाण्यात पोहायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयात विषाणूही जास्त वाढला आणि हृदयाचं नुकसानही खूप जास्त झालं. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण अंगात ताप असताना, सगळं अंग दुखत असताना पॅरासिटामॉल घेऊन पळायला जाणाऱ्या मुलांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते. गोळीने ताप झाकला जातो, आजार जागेवरच असतो.

आईचं म्हणणं काळजीपोटी आहे आणि पहिल्या आठवड्यासाठी ते बरोबरही आहे. महिनाभरासाठी मात्र नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तेव्हा ते पन्नाशीला आले होते, वजनं वाढली होती, तरी तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी खाली आणली होती त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जास्त आणली होती. दुसऱ्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांनी दहा दिवस अंथरुणात काढले, तर पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेला. हे सगळे लोक आजारी नव्हते. त्यात ताप, न जाणारं जेवण आणि खोकल्याने मोडलेली झोप मिळवा म्हणजे तुमचे पाय जिन्यावर का बोलतात हे लक्षात येईल.

हल्ली लोक लगेच वजनकाट्यावर उभे राहतात. तापातून उठल्यावर दोन-तीन किलो कमी दिसतं आणि बरं वाटतं. त्यात बरंचसं पाणी असतं आणि काही स्नायू असतो. चरबी फारशी नसते. पुढे खाणं सुरू झालं की वजन परत येतं, पण स्नायू आपोआप परत येत नाही, त्यासाठी पायांना काम द्यावं लागतं. म्हणजे वजन तेच, आणि ते वाहणारे पाय आधीपेक्षा दुबळे. जाड माणसाला आजारानंतर जास्त थकवा का येतो याचं माझ्या रोजच्या पाहण्यातलं एक मोठं कारण हेच आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आता वजन. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३२ च्या आसपास येतो. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या लोकांत कमी वजनालाही पोटाभोवती चरबी आणि तिच्याबरोबर मधुमेह लवकर येतो. कंबर मोजून बघा. पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांत ८० च्या वर गेली की काळजी घ्यावी. वजनाचा विषाणूच्या आजाराशी संबंध आहे, यात आता शंका उरलेली नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूपर्यंत फ्लूसाठी धोक्याची यादी करताना आम्ही वय, दमा, हृदयरोग, गरोदरपण लिहायचो, लठ्ठपणा वेगळा लिहीत नव्हतो. त्या साथीत आयसीयूत जे लोक दिसले त्यांनी ती यादी बदलली, आणि कोविडने तेच पुन्हा दाखवलं. पोटाची चरबी हा नुसता साठा नसतो. ती सतत दाह वाढवणारी रसायनं सोडत असते, त्यामुळे प्रतिकारशक्ती नको तिथे जागी राहते आणि हवी तिथे उशिरा पोचते. शिवाय पोट छातीच्या पडद्याला वर ढकलतं, आडवं झाल्यावर फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ अडकतो. निकाराग्वातल्या घराघरांत जाऊन केलेल्या, २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की लक्षणं असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या शरीरातून फ्लूचा ए प्रकारचा विषाणू इतरांपेक्षा सुमारे ४२ टक्के जास्त काळ बाहेर पडत राहतो. पाच दिवसांचा ताप आणि सोळाव्या दिवशीही खोकला, यात तुमच्या वजनाचा काही वाटा असणं शक्य आहे.

पण इथे दोन गोष्टी नीट वेगळ्या केल्या पाहिजेत. एक, वजन आणि हालचाल हे दोन वेगळे हिशोब आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की आजाराआधी दोन वर्षं हालचालच न करणाऱ्यांना, आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम सातत्याने करणाऱ्यांच्या तुलनेत, इस्पितळात दाखल व्हावं लागण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. वजन, वय, मधुमेह हिशोबात धरूनही हा फरक उरला. अशा नोंदींवरून कारण आणि परिणाम ठामपणे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण साध्या सर्दी-पडशाच्या बाबतीतही एक हजारावर माणसांना बारा आठवडे पाहिलेल्या अभ्यासात आठवड्यातून पाच किंवा जास्त दिवस व्यायाम करणाऱ्यांचे आजारी दिवस ४३ टक्क्यांनी कमी निघाले होते. म्हणून ९३ किलोचा आठवड्यातून तीनदा पळणारा माणूस आणि ९३ किलोचा सोफ्यावरून न उठणारा माणूस यांना मी एका रांगेत बसवत नाही. तुमची दोन वर्षं वाया गेलेली नाहीत. हा फ्लू घरच्या घरी निभावला, त्यात त्यांचाही वाटा असू शकतो.

दोन, नवव्या दिवशी पळून जे झालं त्याचा दोष वजनावर टाकू नका. साठ किलोचा माणूसही त्या दिवशी पळाला असता तर बहुधा पडलाच असता. वागळे इस्टेटमध्ये मालाची चढउतार करणारा एक हमाल माझ्याकडे डेंग्यूनंतर आला होता, वजन ९८ किलो. तिसऱ्या आठवड्यात तो हळूहळू कामाला लागला आणि दीड महिन्यात पूर्ववत झाला. त्याची साखर चांगली होती, झोप चांगली होती, पाय मजबूत होते. उलट माझ्या आयुष्यात मी ज्यांना सगळ्यात चुकीचा सल्ला दिला त्या बाई अठ्ठावन्न किलोच्या होत्या.

त्या शाळेत शिकवायच्या, वय अडतीस. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांना सौम्य कोविड झाला, ऑक्सिजन कधीच खाली आला नाही. महिन्याने थकवा घेऊन आल्या. मी सांगितलं, रोज थोडं थोडं वाढवा, थकलात तरी सोडू नका, अंग आपोआप तयार होईल. त्यांनी माझं अक्षरशः ऐकलं. दर भेटीत त्या आधीपेक्षा वाईट दिसत होत्या आणि मी त्यांना अजून नेटाने चालायला सांगत होते. दोन महिन्यांनी त्यांना उभं राहून पोळ्या लाटता येईनात. त्या चालायच्या तेव्हा ठीक असायच्या, कोसळायच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि हे त्या मला पहिल्या भेटीपासून सांगत होत्या. श्रमानंतर चोवीस ते बहात्तर तासांत येणारी ही घसरण विषाणूनंतरच्या दीर्घ थकव्याच्या आजाराचं मुख्य लक्षण आहे हे मला तेव्हा पुरतं कळलेलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने दीर्घ थकव्याच्या आजारात ठरल्या वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली. २०२४ मध्ये डच संशोधकांनी अशा लाँग कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर महिनोन्‌महिने त्रास राहिलेल्या, रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे श्रमाआधी आणि श्रमानंतर तपासले, तेव्हा स्नायूची इजा श्रमानंतर वाढलेली दिसली. त्या बाईंची मी माफी मागितली. त्यांना सावरायला वर्ष लागलं, तेही चालणं वाढवून नाही, दिवसभराची ताकद वाटून वाटून खर्च करून.

म्हणूनच मी तुम्हाला तारखांचं वेळापत्रक देणार नाही. पद्धत देते.

रोज सकाळी उठण्याआधी, अंथरुणातच, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा आणि लिहून ठेवा. मनगटातलं घड्याळ मोजत असेल तर तेही चालेल. आजाराआधीचा तुमचा आकडा त्या घड्याळात असेलच. सकाळची नाडी त्यापेक्षा दहाने जास्त असली तर त्या दिवशी व्यायाम नाही. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी नाडी हळू करणारी गोळी चालू असेल तर हा आकडा फसवा ठरतो. मग झोप कशी झाली, उठल्यावर अंग कसं आहे, यावर जास्त भरवसा ठेवा.

सुरुवात सपाटीवर दहा मिनिटं चालण्याने करा. उपवनला जात असाल तर येऊरच्या चढाकडे वळू नका. मासुंदा तलावाची फेरी किंवा कचराळीचा ट्रॅक, सकाळी गर्दी नसताना, सोबत कुणाला तरी घेऊन. चालताना न थांबता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागला की वेग कमी करायचा. घरी आल्यावर छान वाटलं तरी त्या दिवशी आणखी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःला तीन गोष्टी विचारा. काल सकाळपेक्षा आज जास्त थकलेला आहे का? नाडी वाढली आहे का? अंगदुखी किंवा डोक्यात जडपणा नव्याने आला आहे का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर तेच दहा मिनिटांचं चालणं पुन्हा करा. असे तीन दिवस सलग गेले की पाच मिनिटं वाढवा. एकाही गोष्टीचं उत्तर होय आलं तर दोन पावलं मागे या, विश्रांती घ्या, आणि पुन्हा खालून सुरू करा. मागे येण्यात कमीपणा नाही. माझ्या अनुभवात जे लोक वेळेवर मागे येतात ते एकूणात लवकर बरे होतात.

तीस मिनिटं सहज जमली आणि आठवडाभर तशीच जमत राहिली की मग एक मिनिट हळू पळणं आणि तीन मिनिटं चालणं असं मिसळा. त्याच आठवड्यापासून पायांची ताकद सुरू करा. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, भिंतीवरचे पुशअप, एक दिवसाआड. प्रगती मोजायची असेल तर आठवड्यातून एकदा, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी, एका मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. डोक्याला बरं वाटलं की वाईट यापेक्षा तो आकडा जास्त खरं बोलतो. कोविडनंतर ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी जो टप्प्याटप्प्याचा क्रम सुचवला होता त्यात लक्षणं पूर्ण जाऊन सात दिवस झाल्याशिवाय सुरुवातच नव्हती, आणि प्रत्येक टप्पा किमान सात दिवसांचा होता. तुमचा खोकला अजून आहे, म्हणजे पळणं अजून दूर आहे. हळू चालायला हरकत नाही.

एक गोष्ट बहुतेक लोक हिशोबात धरतच नाहीत. सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनचा पूल चढून ट्रान्स हार्बरच्या गाडीत उभ्याने ऐरोलीला जाणं हा व्यायामच आहे. दमट हवा, धक्काबुक्की, वर पाठीला लॅपटॉप. पहिले दोन आठवडे ज्या दिवशी ऑफिसला जाल त्या दिवशी वेगळं चालायला जाऊ नका. जमत असेल तर घरून काम मागून घ्या, किंवा गर्दीची वेळ टाळा. आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरचं ऊन आहे. उकाड्यात तेवढ्याच वेगाला नाडी जास्त पळते, म्हणून तेव्हा वेग धरून बसू नका.

हे सगळं फ्लूसाठी लिहिलं. कुठला विषाणू होता यावर पुष्कळ अवलंबून असतं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, धोक्याचा काळ सुरू होतो, त्यामुळे ताप गेला म्हणून पळायला जाणं तिथे फार महागात पडू शकतं. प्लेटलेट पूर्ववत झाल्याशिवाय वजनं उचलणं आणि धक्का लागेल असे खेळ नकोत, दुखण्यासाठी आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको. चिकुनगुन्यात सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात, आणि तिथे वजन थेट आडवं येतं. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांत असं मोजलं गेलंय की एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. अशांना मी पळण्याऐवजी सायकल किंवा पोहणं सांगते. काविळीत भूक परत येईपर्यंत आणि यकृताच्या तपासण्या उतरणीला लागेपर्यंत जोराचा व्यायाम टाळावा. तुमचा फ्लू तपासून निघाला होता की अंदाजाने फ्लू म्हटलं होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ऑगस्टमध्ये ठाण्यात या सगळ्याच साथी एकत्र चालू असतात, तेव्हा रिपोर्ट असतील तर डॉक्टरांना दाखवा.

दहा किलो आधी उतरव, हा सल्ला आत्ता पाळू नका. पोट उपाशी ठेवलं तर शरीर दुरुस्तीला लागणारा माल स्नायूतून काढतं, आणि तुमचा स्नायू आधीच गेलेला आहे. आठवड्याला एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शनंही आत्ता सुरू करायची नाहीत, भूक मेलेली असताना ती अजून मारण्यात अर्थ नाही. पुढचे चार ते सहा आठवडे वजन आहे तिथे राहू द्या आणि प्रथिनं वाढवा. तुमच्या उंचीला दिवसाला ८० ते ९० ग्रॅम लागतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी विचारा. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, तेवढ्याच बांगड्यात वीस, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या पुढे. आजारपणात आपल्याकडे पेज, मऊभात, तूपमीठ चालतं. पहिले चार दिवस ते पोटाला बरं, पण तिसऱ्या आठवड्यातही तेच चालू ठेवलं तर पायात बळ कुठून येणार? आणि अशक्तपणा घालवायला सलाईन लावून घेऊ नका. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, एवढंच. तेवढ्यासाठी लोक दिवसाची मजुरी मोडून हाताला सुई टोचून घेतात, याचं मला दर पावसाळ्यात वाईट वाटतं.

तपासणीत साखर वाढलेली निघाली तर घाबरू नका, पण सोडूही नका. आजारात आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ती तात्पुरती वाढते. तीन महिन्यांची सरासरी साखर बघितली की आधीपासून होती का ते कळतं. आणि घरच्यांना विचारा, तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास थांबल्यासारखा होतो का. तुमच्या वजनाला झोपेतला श्वासरोध असण्याची शक्यता चांगलीच आहे. तो असेल तर आठ तास झोपूनही थकवा जाणार नाही, आणि तुम्ही तो फ्लूच्या नावावर लिहीत राहाल. वजन उतरवण्याचं काम खुशाल ऑक्टोबरच्या शेवटी हाती घ्या, आठवड्याला अर्धा किलो या वेगाने. सहा महिन्यांत पाच-सहा किलो गेले तरी साखर, बीपी, घोरणं या सगळ्यांत फरक दिसतो. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस घ्या.

राहिली जानेवारी. मॅरेथॉनला अजून एकोणीस-वीस आठवडे आहेत, त्यामुळे दार आज बंद करायची गरज नाही. ईसीजी चांगला आला, आणि सप्टेंबर संपेपर्यंत तीस मिनिटांचं चालणं दुसऱ्या दिवशीच्या त्रासाशिवाय जमलं, तर ऑक्टोबरमध्ये चालणं-पळणं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस दहा किलोमीटर बोलत बोलत पुरे करता येतील का ते बघा. जमले तर हाफ मॅरेथॉन चालत-पळत पूर्ण करायला हरकत नाही, वेळेचा विचार न करता. नाही जमले तर या वर्षी सोडून द्या, पैसे गेले तरी चालतील. आणि थकवा तीन महिन्यांच्या पुढे राहिला, किंवा दर वेळी श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळणं चालूच राहिलं, तर ही पद्धतही थांबवा आणि मी त्या बाईंबद्दल जे लिहिलं ते तुमच्या डॉक्टरांना वाचून दाखवा.

ईसीजी काढून झाला की नाडीचा आकडा, चालू असलेल्या गोळ्यांची नावं आणि आजाराआधीची सकाळची नाडी एवढं लिहून कळवा, म्हणजे पहिल्या आठवड्याचं चालणं दहा मिनिटांनी सुरू करायचं की पाच, ते नेमकं सांगता येईल.